पुलापर्यंतच पोचलेला खेळ

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी ४३ वर्षांचा, राजेंद्रनगरात राहतो, एका पतसंस्थेत हिशेब बघतो. कॉलेजात असताना, २००१ साली, रामबागेतल्या आत्याच्या घरी मी आणि माझा आतेभाऊ एकाच कॉम्प्युटरवर 'बाल्डर्स गेट' खेळायचो. कॉपी केलेल्या पाच सीड्या होत्या आणि त्यातल्या एकीवर ओरखडा होता. खेळातल्या त्या मोठ्या शहराच्या पुलापर्यंत पोचलो की ड्राइव्ह घरघर करायची आणि सगळं ठप्प व्हायचं. पुढे काय झालं ते आम्हा दोघांना आजवर माहीत नाही.

यंदा दिवाळीच्या बोनसमधून ५,००० रुपये बाजूला काढलेत. यादी केलीय : बाल्डर्स गेटचे दोन्ही भाग, डायब्लो २, फायनल फँटसी ७ आणि ऑब्लिव्हियन, सगळे नवे रीमास्टर, म्हणजे जुनेच खेळ आजच्या कॉम्प्युटरसाठी उजळून काढलेले. लॅपटॉप चार वर्षांपूर्वीचा आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. बायको म्हणते, "जुन्या भांड्याला कल्हई करून नव्याच्या भावात विकताहेत आणि तुम्ही तेच भांडं दुसऱ्यांदा घ्यायला निघालात." तेरा वर्षांचा मुलगा फोटो बघून म्हणाला, "बाबा, हे किती जुनाट दिसतंय!" घ्यावं की सोडून द्यावं?

— पुलापाशी अडकलेला, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर

प्रिय दादा,

घ्या. पण यादीतला एकच घ्या, बाल्डर्स गेटचा पहिला भाग. दुसरा भाग पहिला संपल्यावर. बाकी तिन्ही नावांवर आज काट मारा. प्रत्येकाची कारणं वेगळी आहेत आणि ती मी सांगणारच आहे, पण आधी वहिनींच्या बोलण्यातली एक गोष्ट दुरुस्त करायला हवी.

तुम्ही हा खेळ दुसऱ्यांदा विकत घेत नाही आहात. पहिल्यांदाच घेताय. २००१ मध्ये तुम्ही पैसे दिलेत ते सीडी कॉपी करून देणाऱ्याला. ज्यांनी तो खेळ लिहिला, नकाशे रंगवले, संवाद रचले त्यांच्यापर्यंत त्यातला एक पैसा गेला नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. त्या काळी आपल्याकडे मूळ पेटी दुकानात दिसायचीच नाही, आणि दिसली तरी एवढे पैसे कॉलेजच्या पोरांच्या खिशात कुठून येणार? जेल रोडवर फेरी मारून आणलेल्या सीड्यांवर आपली अख्खी पिढी खेळायला शिकली, त्यात मीही आहे. पण म्हणूनच आपल्या वयाच्या माणसांनी "एकाच खेळाचे दोनदा पैसे" ही तक्रार करू नये असं मला मनापासून वाटतं. तो हिशेब चोवीस वर्षं उघडा आहे. तुम्ही तर हिशेबाचीच कामं करता, तुम्हाला हे पटेल.

वहिनींचा कल्हईचा दाखला मात्र मला फार आवडला, कारण तो त्यांना वाटतो त्याहून जास्त अचूक आहे. कल्हई शोभेसाठी करत नाहीत. पितळेच्या पातेल्यावरची कल्हई उडाली की त्यात ठेवलेलं आंबट कळकतं, भांडं चांगलं असूनही वापरता येत नाही. कल्हई केली की तेच भांडं पुन्हा चुलीवर चढतं. चांगल्या रीमास्टरचं काम तेवढंच असतं. आणि रीमेक म्हणजे बर्तन बाजारात जाऊन जुनं पातेलं मोडीत घालायचं आणि त्याच आकाराची आठवण ठेवून नवं आणायचं. ते नवं सुंदर असेल, पण आईच्या हातचं पातेलं नव्हे. तेव्हा कुठलाही जुना खेळ नव्या वेष्टनात दिसला की मी एकच बघते : यात कल्हई झालीय की मोड दिलीय? आणि कल्हई असेल तर मूळ भांडं खरोखरच कळकत होतं का?

बाल्डर्स गेट कळकत होता. १९९८ साली बायोवेअर कंपनीनं केलेला मूळ खेळ ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या पडद्यासाठी होता. आजच्या लॅपटॉपवर तो सरळ लावला तर एक तर पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो, नाही तर ताणून फुगलेला. बीमडॉग कंपनीनं २०१२ मध्ये काढलेली 'एन्हान्स्ड एडिशन' ही नवी आवृत्ती हा खेळ त्याच्या दुसऱ्या भागाच्या सुधारलेल्या इंजिनावर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या आतल्या यंत्रणेवर, चालवते. रुंद पडदा भरून दिसतो, माउसच्या चाकानं चित्र जवळ-लांब करता येतं, टॅब दाबला की कुठल्या पेटीत-कपाटात हात घालता येईल ते उजळतं. ऐकायला ही फुटकळ कामं वाटतील. पण तुम्ही त्रेचाळीसचे आहात, रात्री दहा वाजता चष्मा लावून बसणार आहात. चोवीस वर्षांपूर्वी पडद्यावरचा एक-एक ठिपका चाचपत अंगठी शोधायला जो धीर होता तो आता नाही, आणि नसायलाही हरकत नाही.

तरी तुम्हाला आवडलेलं काहीही यात घासून काढलेलं नाही. पहिल्या पातळीच्या जादूगाराच्या जिवाला अजूनही जेमतेम चार गुण असतात आणि रानात एखादा लांडगा भेटला की तो दोन चाव्यांत आटोपतो. आपला वार शत्रूला लागण्याचा आकडा जितका कमी तितका चांगला, ही उलटी रीत तशीच आहे. स्पेसबार दाबून लढाई थांबवायची, आपल्या टोळीतल्या सहाही जणांना एकेक काम सांगायचं, पुन्हा सोडायचं, तेही तसंच. तुम्हाला आठवत असेल, आपण त्या थांबलेल्या चित्रासमोर किती वेळ वाद घालायचो. माझ्या मामेबहिणीचं म्हणणं असायचं की निद्रेचा मंत्र आधी टाकावा, माझं असायचं की धनुर्धारी आधी मागे घ्यावा. लढाई दहा सेकंदांची, चर्चा वीस मिनिटांची. या खेळाचा सगळा रस त्या थांबण्यात आहे आणि तिथे त्यांनी हात लावला नाही.

जे गेलं तेही सांगते. मूळ खेळात मधूनमधून येणाऱ्या छोट्या चित्रफिती काढून त्यांच्या जागी हातानं रंगवल्यासारखी नवी दृश्यं घातलीत. मला जुन्या ओबडधोबड फिती जास्त आवडायच्या. तीन नवी पात्रंही आणलीत : नीरा, डॉर्न आणि रासाद. त्यांचं बोलणं आजूबाजूच्या १९९८ च्या बोलण्यात मिसळत नाही, एखाद्या जुन्या नाटकात आजच्या मालिकेतला नट शिरावा तसं वाटतं. उपाय सोपा आहे. त्यांना सोबत घेऊ नका. त्यांच्यावाचून खेळ पुरा होतो, काही अडत नाही. आणि चित्र फार जवळ आणलंत तर कडा मऊ पडतात. रंगवलेली पार्श्वचित्रं १९९८ च्या मापाचीच आहेत, ती मोठी केली तरी त्यात नवा बारकावा कुठून येणार? म्हणून चाक फार फिरवू नका, थोडं लांबूनच बघा.

मूळ सामान नीट जपलेलं नसलं की मोठ्या, पैसेवाल्या कंपन्यांचीही पंचाईत होते. 'मास इफेक्ट' या खेळाचे तिन्ही भाग २०२१ मध्ये एकत्र नव्यानं काढले, तेव्हा पहिल्या भागाचा 'पिनॅकल स्टेशन' हा जोडतुकडा वगळावा लागला. त्याचा मूळ कोडच खराब झाला होता. तुमच्या सीडीवर जसा ओरखडा होता तसाच त्यांच्या कपाटातल्या मालावरही पडलेला. खेळ बनवणाऱ्यांनी स्वतःचीच कामं जपून ठेवली नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. पुस्तक छापलं की कुठल्या तरी वाचनालयात एक प्रत उरते. खेळाचं तसं झालं नाही. म्हणून चांगल्या रीमास्टरला मी पैसे देते तेव्हा ते केवळ चकचकीत चित्रासाठी देत नाही. कोणीतरी बसून तो खेळ आजच्या यंत्रावर जिवंत ठेवला, त्या कष्टासाठी देते.

आता डायब्लो २. मूळ २००० चा, आणि २०२१ मध्ये आलेली 'रिसरेक्टेड' आवृत्ती हे कल्हईचं उत्तम काम आहे. खालून जुनाच खेळ चालतो, वर नवी चित्रं चढवलीत, आणि एक कळ दाबली की क्षणात जुनं रूप समोर येतं. मी पहिल्या रात्री नुसती ती कळ दाबत बसले होते. आपल्याला आठवतं ते आणि खरंच जे होतं ते, यात किती अंतर पडलंय ते अशा वेळी कळतं. आपल्या डोक्यातला डायब्लो नव्या चित्रांसारखा दिसत असतो, खरा डायब्लो ठिपक्यांचा चिखल होता. पण तरीही तुमच्यासाठी आत्ता नको म्हणते. एक तर तो वेगळं ग्राफिक्स कार्ड मागतो आणि तुमच्या लॅपटॉपला ते नाही. दुसरं, दोन कॉम्प्युटर केबलनं जोडून घरातल्या घरात खेळायची जी जुनी सोय होती ती या आवृत्तीतून काढून टाकलीय. तुमच्या आठवणी तशा जोडलेल्या कॉम्प्युटरच्या असतील तर नेमकं तेच मिळणार नाही. तिसरं, तो रक्ताचा आणि प्रेतांचा खेळ मोठ्यांसाठी आहे. तेरा वर्षांचं पोर शेजारी बसणार असेल तर तो लावू नये.

फायनल फँटसी ७ चं नाव तुम्ही 'रीमास्टर' म्हणून लिहिलंय, तिथे घोळ आहे. १९९७ चा मूळ खेळ प्लेस्टेशनच्या तीन सीड्यांवर होता. २०२० मध्ये आलेला 'रीमेक' म्हणजे त्या गोष्टीचा फक्त पहिला मुक्काम, मिडगार हे शहर. मूळ खेळात तिथून आपण काही तासांत बाहेर पडतो, इथे तेवढ्यावर अख्खा मोठा खेळ उभा केलाय. पुढचा भाग, 'रीबर्थ', २०२४ मध्ये आला. लढाईची पद्धत निराळी, आणि कथाही जाणूनबुजून वळवलेली. मला तो आवडला, अगदी मनापासून आवडला. पण ही मोड देऊन घडवलेली नवी वस्तू आहे. ज्याला १९९७ ची गोष्ट हवी त्यानं १९९७ चाच खेळ घ्यावा, तो आजही स्वतंत्रपणे विकत मिळतो आणि तुमच्या लॅपटॉपवर निवांत चालेल. पण तुमच्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही, नुसतं यादीत नाव आहे. त्यामुळे मला वाटतं तो तुम्ही 'सगळे घेतात म्हणून' लिहिलाय.

ऑब्लिव्हियनचा विषय लवकर संपतो. २००६ चा खेळ, एप्रिल २०२५ मध्ये रीमास्टर झाला. आत जुनंच यंत्र, वर अनरिअल इंजिन ५ ची चित्रं. कमीत कमी १६ जीबी रॅम, दणकट ग्राफिक्स कार्ड आणि सव्वाशे जीबी जागा. ही यंत्रणा असलेल्यांच्या कॉम्प्युटरवरसुद्धा तो अडखळतो अशा तक्रारी झाल्या. तुमच्या लॅपटॉपवर तो नीट चालणार नाही. यादीतल्या महाग खेळांपैकी हा एक, म्हणजे हा काढला की बोनस बराचसा वाचला.

एक माझ्या अनुभवातलं. काही वर्षांपूर्वी माझ्या लाडक्या खेळांचा एक रीमास्टर संच निघाला. मी निघाल्या दिवशी, पूर्ण किमतीत घेतला. अक्षरं इतकी बारीक आणि पातळ की वाचता येईनात, आणि लढाईत चित्र गचके खायचं. मी चार दिवस चिडचिड करून तो बंद केला. कित्येक महिन्यांनी दुरुस्ती आली, अक्षरं नीट झाली, आणि तोवर किंमत निम्म्यावर उतरली होती. तेव्हापासून मी जुन्या खेळाची नवी आवृत्ती पहिल्या वर्षात घेत नाही. वीस वर्षं थांबलेला खेळ आणखी एक वर्ष थांबतो.

बाल्डर्स गेटची ती भीती नाही, त्याला दुरुस्त होत होत एक तप उलटून गेलंय. पण घाई करू नका. डिसेंबरच्या शेवटी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात हिवाळी सेल लागतो, असे जुने खेळ तेव्हा बरेच उतरतात. पैसे रुपयांत, यूपीआयनं देता येतात. आणि स्टीमचा एक नियम वहिनींना वाचून दाखवा : घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास खर्च करताना पात्र घडवण्यात घालवू नका. आपण पूर्वी एकेका आकड्यासाठी तासभर फासे टाकत बसायचो, तसं केलंत तर परताव्याची मुदत तिथेच संपेल. तयार पात्र घ्या, अक्षरं वाचता येतात का, लॅपटॉप तापतो का, ते बघा. घडवायचं पात्र मग सावकाश घडवा. दुसरा रस्ता जीओजी नावाच्या दुकानाचा आहे. तिथे खेळाची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येते, पुढे इंटरनेट असो वा नसो, ती बसवता येते. ज्याचा खेळ सीडीच्या ओरखड्यानं गेला त्या माणसाला ही सोय आवडेल असं वाटतं.

आणि मोबाइलवर घेऊ नका. मिळतो, चालतोही, पण सहा माणसं बोटानं हलवायची आणि मुंगीएवढी अक्षरं वाचायची हे आपल्या वयाचं काम नाही.

वहिनींचं दुसरं म्हणणं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी ओळखते, कारण माझ्या घरीही ते ऐकलंय. पैशापेक्षा वेळ. हा खेळ साठेक तास सहज खातो. रोज रात्री एक तास म्हटलं तर दोन महिने. हे त्यांना आधी सांगा, कोणत्या दिवशी बसणार ते ठरवून सांगा. लपवून, रात्री सगळे झोपल्यावर आवाज बंद करून खेळू नका. त्या खेळाचं संगीत बंद करून खेळण्यात अर्थ नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : पुढे काय झालं ते 'आम्हा दोघांना' आजवर माहीत नाही. रामबागेतल्या त्या खोलीतलं बरंचसं कुठल्याही रीमास्टरमध्ये येणार नाही. तेव्हा लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून दर पाच मिनिटांनी सेव्ह करायचो. आता लाइट जात नाही आणि खेळ स्वतःच सेव्ह होतो. एक जण माउस धरायचा आणि दुसरा वहीत नकाशा काढायचा. आत्या मधेच पोह्याच्या बशा आणून ठेवायच्या. हे ५,००० रुपयांत येत नाही, ५०,००० मध्येही येणार नाही. चित्रं नवी झाली म्हणून ती संध्याकाळ परत येईल या आशेनं घ्याल तर तिसऱ्या दिवशी उदास व्हाल. पण तुमचं तसं नाही. तुमची एक गोष्ट अर्धी राहिलीय आणि ती आजही पुरी करता येते. माझ्या ओळखीत रीमास्टर घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण दहा तास खेळून सोडतात, कारण त्यांना शेवट ठाऊक असतो. तुम्हाला तो ठाऊक नाही. इतकं चांगलं कारण फार कमी जणांकडे असतं.

म्हणून पहिला फोन आतेभावाला करा. तो कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. जिथे असेल तिथे त्याचीही एक प्रत घ्यायला लावा, किंवा तुमच्या वाचलेल्या पैशांतून त्याला भेट द्या. या आवृत्तीत इंटरनेटवरून एकत्र खेळता येतं, पण दोन संसारी माणसांच्या वेळा जुळत नाहीत, हे मी करून पाहिलंय. त्यापेक्षा आपापला खेळ खेळा आणि रविवारी सकाळी फोनवर सांगा, कोण कुठवर पोचलं, कोणाचा कोण मेला.

मुलाला आग्रह करू नका. 'जुनाट' म्हणाला तर म्हणू दे. फक्त एक सांगून ठेवा : २०२३ मध्ये आलेला बाल्डर्स गेट ३, ज्याचे तुकडे त्यानं फोनवर नक्की पाहिले असतील, त्यातली जाहेरा आणि तो खांद्यावर-हातावर हॅमस्टर घेऊन फिरणारा मिन्स्क, ही दोघं मूळची या जुन्या खेळातली आहेत. बाबांना ती दोघं १९९८ च्या रूपात भेटतात हे कळलं की तो एकदा तरी डोकावेल. डोकावला की माउस त्याच्या हातात द्या आणि तुम्ही वही घ्या. इंग्रजी वाचन भरपूर आहे, अडेल तिथे तुम्ही सांगा. तो पंधरा मिनिटांत उठून गेला तरी मनाला लावून घेऊ नका.

खाणीचं प्रकरण उरकलं की शहराकडचा रस्ता उघडतो, तुम्हाला आठवत असेलच. पुलावर पोचलात की सेव्ह करा, नेहमीच्या जागी नको, वेगळं नाव देऊन. लॅपटॉप तसाच चालू ठेवा आणि आतेभावाला फोन लावा. तो त्याच पुलावर येऊन थांबेपर्यंत, महिना लागला तरी, पुढे जाऊ नका.

— तुमची ताई